नळाच्या सूचनेनंतर एक नाव

आमच्या ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा आहे. चारी दिशांना चार तोंडं, खालच्या खोलीत माइक आणि एक जुनं मशीन. त्याचं काम वर्षानुवर्षं ठरलेलं: नळ किती वाजता सुटणार, राशनचा तांदूळ कधी वाटणार, कोणाची गाय कोंडवाड्यात पडली आहे, घरपट्टी थकलेल्यांनी कधीपर्यंत भरावी. मार्च २०२० पासून मात्र त्याच भोंग्याची धास्ती बसली. तो खरखरला की बाया हातातलं काम टाकून दारात येत. पुण्याहून आलेल्यांनी परस्पर घरी जाऊ नये. चौकात चारपेक्षा जास्त जण दिसल्यास कारवाई होईल. अमुक वॉर्डात बाहेरच्यांना बंदी आहे. वर्धा जिल्हा मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कोरोनामुक्त होता, तेव्हा जरा टेचात होतो आम्ही. जिल्ह्यातली पहिली बातमी आली तीच आमच्या आर्वी तालुक्यातून. मग टेच गेला, आणि भोंगा दिवसातून तीनदा वाजायला लागला. पुढं त्याच भोंग्यावरून शाळेतल्या पोरांची कौतुकं झाली, त्याची ही गोष्ट.

शाळा तर केव्हाच बंद झाली होती. म्हणजे पोरांसाठी बंद. इमारत चालूच होती, कारण बाहेरगावाहून परतलेल्या मजुरांचं विलगीकरण तिथंच होतं. तिसरीच्या वर्गात खाटा लागल्या. फळ्यावर कोणीतरी खडूनं चौदा रेघा ओढल्या होत्या आणि रोज एक खोडली जायची. तेव्हा बाकीच्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यात घंटा व्हायची, आमच्या विदर्भात उन्हामुळे २६ जूनला. त्या वर्षी २६ जून आला आणि गेला. नव्या पुस्तकांचे गठ्ठे सर-मॅडमनी मोटारसायकलच्या मागं बांधून घरोघरी पोचवले. एक गठ्ठा माझ्याही घरी आला, कारण मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि आमच्या आळीतल्या पोरांची पुस्तकं माझ्या ओसरीवरून न्यायची असं ठरलं होतं. नव्या पुस्तकाचा वास घ्यायला मास्क खाली करावा लागतो, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सगळे 'ऑनलाइन' म्हणायचे. खेड्यातल्या ऑनलाइनचं चित्र शहरातल्या माणसाला डोळ्यांपुढं आणता येणार नाही. फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. पोरगी घरी. संध्याकाळी बाप आला की फोनची बॅटरी वीस टक्के, त्यात घरी लाइन नाही. लाइन असली की रेंज नाही. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत त्या वर्षी देशातल्या खेड्यांमधल्या शाळकरी पोरांपैकी ६१.८ टक्के पोरांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं आलं होतं. २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ होता. वाढ मोठीच आहे, अमान्य नाही. पण घरी फोन असणं आणि तो चौथीतल्या पोरीच्या हाती अर्धा तास राहणं यात आख्खा दिवस जातो, आणि तो दिवस पाहणीत येत नाही.

राज्यभर धडपड चालली होती. शासनाची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' लागायची. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' व्हायची. सोलापूरच्या नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडेच रंगवून टाकले. यातलं रेडिओचं आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं, कारण रेडिओला रिचार्ज लागत नाही. आमच्या मॅडम आणि दोन सर, तिघांनी मिळून मोबाइल असलेली, रेडिओ असलेली आणि काहीच नसलेली घरं अशी यादी केली आणि काहीच नसलेल्या घरांपासून फिरायला सुरुवात केली. एरवी कोणतीही योजना उलट्या बाजूनं सुरू होते, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कौतुकाचा सगळा प्रकार सुरू झाला तो तान्ह्या पोळ्याला.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा भरतो. लाकडाचे बैल, त्यांना चाकं, शिंगांना रंग, गळ्यात चौऱ्यांची माळ. पोरं नटून-थटून ते बैल ओढत मारुतीच्या पारावर जमतात, झडत्या म्हणजे पोळ्याची यमक जुळवलेली गाणी म्हणतात, आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात. कुठं पाच रुपये, कुठं दहा, कुठं बिस्किटाचा पुडा. २०२० मध्ये मोठा पोळाच भरला नाही, तर तान्हा कुठून भरणार? भोंग्यावरून सूचना झाली, बैल घरीच पुजावेत, लेकरांना बाहेर पाठवू नये. आमच्या घरात रडारड झाली. बैल रंगवून आठवडा झाला होता.

मॅडमनी त्या सकाळी गटावर निरोप टाकला की ज्याला त्याला आपली झडती फोनवर बोलून पाठवायची. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडे त्या स्वतः गेल्या आणि आपल्या फोनवर आवाज घेतला. दुपारी चारला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून एकेक झडती माइकसमोर लावली. एरवी जिथून बंदीचे हुकूम सुटायचे तिथून गावभर पोरांचा आवाज आला. सहावीतल्या एका पोट्ट्यानं तर झडती स्वतःच जुळवली होती:

शाळेच्या कुलपाले चढला जंग,
मॅडमच्या गाडीचा उतरला रंग,
टाकीवर चढलो त रेंज आली काडी,
धडा उघडता उघडता अडली गाडी,
कोरोना म्हणे मी लय मोठा,
सर्ज्या म्हणे मोडतो तुहा ताठा,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटच्या ओळीला घराघरातून 'हर हर महादेव' आलं. वाड्यातून, गोठ्यातून, न्हाणीतूनही आलं असेल. लोक घरातच होते, पण गाव एकत्र बसल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत किराणा दुकानात बोजारा जमायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. लोक सामान घ्यायला येत आणि 'हे पोट्ट्याइचे' म्हणून दहा-वीस रुपये ठेवून जात. त्या पैशांत वह्या आल्या, आणि उरलेल्यात एक जाड रजिस्टर.

त्या रजिस्टरचं पुढं बरंच झालं. मॅडमनी ठरवलं की रोज संध्याकाळी नळाची सूचना झाली की शाळेतल्या एका लेकराचं नाव घ्यायचं आणि त्यानं काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. अट एकच होती, कारण खरं आणि डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. 'हुशार आहे', 'गुणी आहे', 'अभ्यासात पुढं आहे' असलं काही चालणार नाही. ग्रामपंचायतीच्या शिपायानं पहिल्या दिवशी सरळ वाचून दाखवलं, "उद्या वॉर्ड दोनचा नळ सकाळी साडेसहाला सुटीन. दुसरीतल्या अमकीनं आपल्या लहान भावाले तुरीच्या दाण्यावर वीसपर्यंत मोजणं शिकवलं. पाणी जपून वापरा." लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी कान लागले.

पाचवीतल्या पोरानं बापाला कपाशीचा हिशोब करून दाखवला, हे एका दिवशी वाचलं गेलं. एकराचे चौरस फूट ४३,५६०. लावण चार बाय एक फुटावर, म्हणजे एका झाडाला चार चौरस फूट, म्हणजे एकरात १०,८९० झाडं. बापानं सऱ्या मोजून पाहिल्या आणि म्हणाला, "मंग बाकीचे कुठी गेले?" नांग्या, म्हणजे झाडाविना रिकाम्या जागा, किती पडल्या ते त्या वर्षी त्याला पहिल्यांदा आकड्यात कळलं. माझ्या स्वतःच्या पोरीचं नाव आलं तेव्हा कारण ऐकून मी चाट पडलो. तिनं म्हणे आईच्या फोनवर फोटो आपोआप उतरणं बंद केलं होतं, म्हणजे रोजचा नेट पॅक शेजारच्या तिघींच्या अभ्यासालाही पुरतो. माझ्या घरात हे महिनाभर चाललं होतं आणि मी 'नेट इतकं कसं काय उरतं बुवा' म्हणून खुश होतो.

कुरबुर व्हायचीच होती. एका पोराचं नाव आलं ते बकऱ्या चारताना रेडिओवरचा पाठ ऐकून संध्याकाळी आळीतल्या दोघांना सांगतो म्हणून. त्यावर पारावरचा एक जण बोलला, "बकऱ्या चारल्या म्हून सत्कार? आम्ही त जिंदगी काढली बकऱ्यात, आमचं नाव कोण घेतलं?" बोलणं थट्टेचं होतं, पण त्यात थोडं खरंही होतं. वर्ध्यात १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमची कल्पना निघाली, हातानं काम करत शिकण्याची. सेवाग्राम आमच्यापासून काही फार लांब नाही. तरी कामातलं शिकणं म्हणजे शिक्षण हे आमच्या गळी अजून उतरलेलं नाही. बकऱ्या चारणारा शाळेतून सुटला असंच आम्ही धरतो.

खरी गंमत झाली ती एका आजोबांची. त्यांच्या नातवाचं नाव पितृपक्ष संपला तरी आलं नव्हतं. सातवीतला पोरगा, गप्प गप्प, कॅमेऱ्यासमोर न येणारा, अभ्यास अर्धा पाठवणारा. आजोबा तडक शाळेच्या फाटकाशी आले.

"मॅडम, साऱ्या गावाच्या पोट्ट्याइचे नावं झाले. आमच्याच्यानं का घोडं मारलं?"

मॅडम म्हणाल्या, "काकाजी, तुमच्या घरात मी रोज थोडीच असते. तुम्हीच सांगा, त्यानं काय केलं?"

आजोबांना सांगता येईना. "कामाचं पोट्टं हाय," इतकंच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, हे चालत नाही, पाहून सांगा. आजोबा तणतणत गेले.

पुढचे काही दिवस म्हातारा नातवाच्या मागावर होता. तो उठतो कधी, जातो कुठं, बोलतो कोणाशी. फवारणीचे दिवस होते. विदर्भात फवारणी म्हटली की २०१७ आठवतं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तरी आजही उघड्या तोंडानं, उघड्या पाठीनं फवारणारे आहेतच. गावात फिरताना नाका-तोंडाला मास्क, आणि वावरात विष मारताना तोच मास्क गळ्यात, असं दृश्य त्या वर्षी जागोजागी होतं. आजोबांनी पाहिलं की पोरगा औषधाच्या डब्याच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी उघडतो. मुंगीएवढी अक्षरं. ती डोळ्यांजवळ धरून तो गड्यांना वाचून दाखवतो: किती पाण्यात किती औषध, वाऱ्याच्या दिशेनं कसं उभं राहायचं, अंगावर उडालं तर काय करायचं. आणि डब्यावरचा त्रिकोण दाखवून म्हणतो, "हा लाल हाय, म्हंजे सगळ्याइत जहाल. तोंडाले बांधल्याबिगर पंप घेऊ नका." गडी त्याला 'डाक्टर' म्हणायला लागले होते. घरच्या कोणाला याचा पत्ता नव्हता, कारण त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. आणि कोणी विचारलं नव्हतं.

आजोबांनी हे मॅडमना सांगितलं तेव्हा आवाज खाली आला होता. त्या संध्याकाळी भोंग्यावर पोराचं नाव आणि कारण झालं, आणि मॅडमनी त्रिकोणाचे चारही रंग वाचून घेतले. लाल, पिवळा, निळा, हिरवा, उतरत्या क्रमानं विषारी. म्हणजे कौतुकही झालं आणि गावाला एक पाठही मिळाला. मला तर वाटतं, शेतकी खात्याच्या पाच पत्रकांचं काम त्या दोन मिनिटांत झालं.

इथं मला आमच्या नेहमीच्या गुणगौरवाबद्दल बोललंच पाहिजे. १ मे रोजी झेंडा होतो, निकाल वाचला जातो, पहिले तीन नंबर पुढं बोलावले जातात. त्याआधी अध्यक्षांचा सत्कार, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांसोबत आलेल्यांचा सत्कार. शाली संपत येतात तेव्हा पोरांची पाळी येते आणि त्यांना स्टीलची वाटी मिळते. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन. बाकीची पोरं टाळ्या वाजवायला बसवलेली. पहिल्या तिघांनी काय केलं हे कोणीच सांगत नाही, त्यांना किती पडले तेवढं सांगतात. मला यात पोरांपेक्षा आमचीच अडचण दिसते. आम्हाला पोरांविषयी मार्कांपलीकडे माहिती नसते, म्हणून आम्ही मार्क वाचतो. त्या साली परीक्षाच झाली नाही, सगळ्यांना वरच्या वर्गात घातलं, आणि मार्क नावाची सोय हातातून गेली. सांगण्यासारखं काही हवं असेल तर घरी जाऊन पाहणं एवढंच उरलं. मॅडम-सर गेले. पाच-पाच वर्षं एकाच शाळेत नोकरी करून जी दारं त्यांनी पाहिली नव्हती ती त्या वर्षी पाहिली, हे त्यांनीच समितीच्या बैठकीत सांगितलं.

तोवर डिसेंबर आला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ही बातमी आमच्याकडेही भोंग्यावर झाली. पारावर चर्चा निघाली की जिल्हा परिषदेच्या मास्तराला एवढं मिळू शकतं, तर आपल्या मास्तरांना आपण काय दिलं? एकानं हिशोब मांडला की हेडसरांना उन्हाळ्यात नदीवरच्या नाक्यावर उभं केलं, सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला घरोघरी ताप मोजत फिरवलं, आणि मधल्या वेळात 'फुकट पगार खातात' हेही ऐकवलं. हे शेवटचं ज्यानं ऐकवलं होतं तोही तिथंच बसला होता. तो बिडी शोधायला लागला.

ठरलं असं की ३ जानेवारीला पोरांनी शाळेतल्या मोठ्यांची नावं घ्यायची. सावित्रीबाईंची जयंती राज्यानं त्या वर्षापासून महिला शिक्षण दिन म्हणून धरली होती. रविवार होता, लोक घरी होते. अट तीच, कारण पाहिलेलं पाहिजे. मोठ्यांनी पोरांना काही शिकवायचं नाही, भाषण लिहून द्यायचं नाही.

पोरांनी जे सांगितलं ते कोणत्याही मानपत्रात येणार नाही. हेडसर नाक्यावर ड्यूटी असतानाही डब्याच्या पिशवीतून तपासलेल्या वह्या आणायचे, आणि त्यांना हळदीच्या भाजीचा वास यायचा. एक सर गणित समजावताना फोन गेला की स्वतःच्या पैशानं पुन्हा लावायचे आणि तिथूनच सुरू करायचे, 'हं, तर हातचे दोन'. बेड्यावरच्या पारधी वस्तीतली एक पोरगी माइकजवळ येऊन थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम आमच्या घरी आल्या. खाटेवर बसल्या. माह्या मायच्या हातचा चहा पेल्या." आणि उतरली. खेड्यात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या वस्तीत चहा पिणारे गावात किती, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

खिचडीवाल्या मावशींचं नाव पहिल्यांदाच कुठल्या कार्यक्रमात आलं. तेव्हा महिन्याला १५०० रुपये मानधनावर राबणारी बाई. शाळा बंद असताना शिजवणं थांबलं, पण पोषण आहाराचा शिधा वाटायचा होता. प्राथमिकच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, वरच्या वर्गांना दीडशे, अशा हिशोबानं महिन्या-महिन्याची पुडकी. मावशी काट्यावर तोलायच्या आणि प्रत्येक आईला काटा दाखवायच्या, "पाह्य व माय, मंग नको म्हनू कमी दिलं." पोरांनी कारण दिलं ते वेगळंच. मावशी घरापुढून जाणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवून विचारायच्या, जेवला का. रोज. शाळा बंद झाल्यापासून. कोणत्या पोरानं काही खाल्लं नाही हे मॅडमना त्यांच्याकडूनच कळायचं आणि त्या घरी त्या दिवशी चक्कर व्हायची. मावशी मात्र भोंगा ऐकून रागावल्या. "मले सांगून त कराव! म्या शेण काढत होतो, आन् साऱ्या गावात माह्यं नाव!" दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून शाळेत आल्या आणि काही काम नसताना तासभर बसून गेल्या.

फेब्रुवारीत दिवस फिरले. दुसऱ्या लाटेचा जोर राज्यात आधी आमच्या बाजूलाच दिसला, अमरावती, अकोला, यवतमाळ. नदीपलीकडं अमरावतीत २२ तारखेपासून टाळेबंदी लागली. मार्च-एप्रिलमध्ये भोंग्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. नळाच्या सूचनेनंतर पोरांचं नाव घेणं मॅडमनी स्वतःच थांबवलं. ज्या घरात माणूस गेलं आहे त्याच्या शेजारी टाळ्या नकोत, म्हणाल्या. रजिस्टर मात्र चालू होतं. कोणत्या पोरानं शेजारच्या आजारी घरापुढं डबा ठेवला, कोणी म्हातारीला लसीच्या नोंदणीचा नंबर काढून दिला, सगळं लिहिलं जात होतं. वाचलं नाही एवढंच.

आणि आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर हे सगळं खोटं होईल. गावाकडच्या पाचवीपासून पुढच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, पहिली ते चौथी १ डिसेंबरला. पोरं नाचत आली. मग मॅडमनी एकेकाला जवळ बसवून वाचायला लावलं. चौथीतली पोरं दुसरीच्या धड्यात अडखळत होती. ज्यांची नावं भोंग्यावर गाजली होती त्यांतलीही होती. तुरीच्या दाण्यांवर भावाला मोजायला शिकवणारी पोरगी आता तिसरीत होती आणि तिला जोडाक्षर ओळखू येईना. आमच्याच गावाचं नव्हतं हे. पुढं 'असर'चा २०२२ चा अहवाल आला तेव्हा देशात तिसरीतल्या पोरांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली, २०१८ मध्ये २७.३ होती. समितीच्या बैठकीत एक पालक चिडून बोलले, "नावं घेऊन पोट भरलं आमचं, वाचता कोण शिकवीन?"

प्रश्न रास्त होता. कौतुकानं जोडाक्षर येत नाही. शासनाचा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम होता, तोही नुसता भरून भागणारा नव्हता. मॅडमनी उत्तरादाखल रजिस्टर काढलं. कोण कोणाला काय शिकवत होता ते त्यात होतंच. लाल त्रिकोणवाला पोरगा एव्हाना आठवीला बाहेरगावी जाऊ लागला होता, तो शनिवारी दुपारी येऊन चौथीच्या पाच जणांकडून औषधाच्या नव्हे, पुस्तकाच्या ओळी वाचून घेऊ लागला. बकऱ्यावाल्या पोराची स्मरणशक्ती दांडगी, त्याच्याकडे पाढे. कोणत्या पोराच्या घरी संध्याकाळी शांतता असते आणि कोणत्या घरी भांडण, हे सर-मॅडमना आता माहीत होतं, म्हणून गट तसे पाडले. हे सगळं केल्यावरही सगळी पोरं पुढं आली असं नाही. दोन-तीन अजून मागंच आहेत, आणि सातवीनंतर एका पोरीचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. तिचं नाव रजिस्टरमध्ये तीनदा आहे.

मोठ्या पोरींपुढं वेगळंच संकट आलं. शाळा उघडल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. त्यावरच आमच्या गावच्या पोरी हायस्कूलला जातात. पास होता, एसटी नव्हती. काही सायकलनं जाऊ लागल्या, काहींना घरच्यांनी 'आता राहू दे' म्हणून बसवलं. संप एप्रिलपर्यंत चालला, आणि मधेच १५ मार्चपासून दहावीची परीक्षा. आधीच्या वर्षी परीक्षा न घेता ९९.९५ टक्के निकाल लागला होता, त्यामुळे या पोरींना दोन वर्षांत खरा पेपर असा लिहायलाच मिळाला नव्हता. समितीनं वर्गणी काढली, पोळ्याच्या बोजाऱ्यातून उरलेलेही त्यात घातले, आणि गावातल्या एका ऑटोवाल्याशी बोलणी केली. तो भाड्यात एक रुपया कमी करायला तयार नव्हता. डिझेल कुठं गेलं ते पाहा म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी नळाच्या सूचनेनंतर भोंगा पुन्हा थांबला नाही. शिपायानं सहा पोरींची नावं वाचली, आणि सातवं नाव ऑटोवाल्याचं, 'उद्या सकाळी साडेआठला पाराजवळ ऑटो लागीन, चालकानं कबूल केलं हाय' असं. ऑटोवाला दुसऱ्या दिवशी मला भेटला तेव्हा भडकला होता. साऱ्या गावाला ऐकवायची काय गरज होती, आता पंधरा मिनिटं उशीर झाला तरी लोक विचारतील. भाडं त्यानं शेवटपर्यंत पूर्णच घेतलं. परीक्षा संपेपर्यंत ऑटो सव्वाआठलाच पाराजवळ उभा असायचा.